देवळातला सप्ताह: बाहेरून पथकं आणायची की गावातल्याच माणसांनी गायचं?

पेटीवाली_फोंडा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी सावंतवाडीची. लग्नानंतर गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात आले. आमच्या वाड्यावर ग्रामदेवतेचं जुनं देऊळ आहे आणि श्रावणात तिथे भजनी सप्ताह असतो. नाव सप्ताह असलं तरी हल्ली एक दिवस-एक रात्रच अखंड भजन होतं. सकाळी नारळ ठेवायचा, समई पेटवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला समाप्ती, काला, महाप्रसाद. सासूबाई सांगतात, पूर्वी गावातल्या प्रत्येक वाड्याची पाळी ठरलेली असायची. रात्री दोनची पाळी ज्या वाड्याची, तिथली माणसं जेवून थोडं झोपायची आणि कुणीतरी कंदील घेऊन दारोदार उठवायला यायचं.

आता रात्रीसाठी बाहेरची पथकं बोलावतात. गावातली माणसं आरतीला येतात, महाप्रसादाला येतात, मध्ये देवळात पथक आणि ध्वनिक्षेपकवाला एवढेच असतात. यंदा समितीच्या मनात आहे की चोवीसच्या चोवीस तास पथकांनाच द्यावेत. पैशांची अडचण नाही, देणगीदार तयार आहेत.

मला हे लागतंय. कारण माणसं आहेत. कदंबच्या सरकारी बसवर चालक असलेले एक भाऊ उत्तम पखवाज वाजवतात. देवळाच्या बाजूला दोन नव्या इमारती झाल्या आहेत, तिथे बेळगाव, कारवार, सोलापूरकडची कुटुंबं आली आहेत. त्यातले एक गृहस्थ रोज सकाळी स्कूटर पुसताना अभंग म्हणतात, इतक्या मोकळ्या आवाजात की मी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवते. समोरच्या वहिनी दाराशी रोज वेगळी रांगोळी घालतात. मी स्वतः पेटी वाजवते, थोड्या परीक्षाही दिल्या आहेत. पण आम्ही एकमेकांना फक्त चेहऱ्याने ओळखतो.

समितीतले एक ज्येष्ठ म्हणतात, "देवासमोर बेसूर नको." त्यांची भावना खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण मग सुरुवात कुठून करायची? कुणी आपल्या गावात असं काही उभं केलं असेल तर प्रत्यक्ष काय केलं ते सांगा.

---

डिचोलीचा_मास्तर

ताई, समितीकडे तक्रार घेऊन जाऊ नका, वेळापत्रक घेऊन जा. चोवीस तासांचे आठ प्रहर. एका कागदावर आठ रकाने आखा आणि जे भरता येतील ते नावांनिशी भरून न्या. "गावातल्यांना संधी द्या" या वाक्यावर समिती तासभर बोलत बसेल. भरलेला रकाना पाहिला की फक्त होय किंवा नाही एवढंच उरतं.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. आमच्या वाड्याचं भजनी मंडळ बरीच वर्षं सांभाळतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की अखंड भजनात एक मोठी सोय आहे, ती कार्यक्रमात नसते. कार्यक्रमाला उत्तम माणसं चार असली की पुरतात, बाकीच्यांनी ऐकायचं. अखंड भजनाला चार माणसं पुरूच शकत नाहीत. पहाटे तीन वाजता गाणाऱ्याचा घसा बसतो, पखवाजवाल्याची बोटं सुजतात आणि तरी गजर थांबू द्यायचा नाही असा नेम असतो. त्या वेळी दारातून जो आत येईल तो हवाच असतो, बरा गातो की साधारण गातो याची चौकशी कुणी करत नाही. माणसाला आपण हवे आहोत हे भाषणातून कळत नाही, अशा वेळी कळतं.

वास्कोचा दामोदर सप्ताह बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे प्लेगाची साथ आली, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं, तिथून नारळ आणला आणि अखंड भजन सुरू केलं. तेव्हापासून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ते चालत आलेलं आहे. रात्री वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे भजनाच्या मिरवणुका, निघतात, त्यांत नावाजलेले गायक गातात आणि शहर रस्त्यावर येतं. लोकांना आठवतात ते पार. पण आत देवळात जो गजर चोवीस तास तुटत नाही, तो पाळीपाळीने बसणाऱ्या माणसांचा असतो. नावाजलेला गवई आणि पाळीचा माणूस, दोघांनाही त्या एका रात्रीत जागा आहे. तुमच्या समितीला हेच दाखवा. संध्याकाळचा एक प्रहर पथकाला द्या. ती कलाकार माणसं आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे, त्यांचा मान ठेवा. आणि त्यांच्या शेजारी तुमच्या बसचालक भावाला बसवा. बाहेरच्या पखवाजवाल्याचा हात जवळून बघायला मिळणं हे शिक्षणच आहे.

आता माणसं कशी जमवायची. फलकावर सूचना लिहून कुणी येत नाही. "सर्वांनी सहभागी व्हावे" हे वाचून प्रत्येकाला वाटतं की हे दुसऱ्या कुणासाठी आहे. घरी जायचं, त्या माणसाने काय करावं ते नेमकं ठरवून जायचं. स्कूटरवाल्या काकांना "भजनाला या" म्हणू नका. "तुम्ही सकाळी म्हणता तो अभंग पहाटेच्या पाळीला म्हणाल का, मी पेटीवर साथ करते" असं म्हणा. त्यांना कळेल की कुणीतरी आपलं ऐकलं आहे.

आमच्या वाड्यावर एक गवंडी आहे. सुराशी त्याचा संबंध नाही, पण लय अशी की हलत नाही. त्याच्या हातात झांज दिली. आज पखवाज पळायला लागला की मोठमोठे बुवा त्याच्या हातांकडे बघतात. शिवणकाम करणारी एक बाई आहे, तिला आईकडून आलेल्या कितीतरी गौळणी तोंडपाठ. ती पुढे बसून गायला तयार नव्हती, अजूनही नाही. पण बुवा अंतरा विसरले की मागून ती ओळ पुरवते. आम्ही शाळेतल्या दोन मुलींना तिच्या शेजारी वही घेऊन बसवलं. त्या वहीत आता अशी पदं आहेत जी आमच्यापैकी कुणी छापील पुस्तकात पाहिलेली नाहीत. मुलींचं अक्षर सुधारलं ते वेगळंच.

बेसुराची भीती तुमच्या ज्येष्ठांना वाटते, ती भजनाच्या रीतीतच सुटते. बुवा ओळ टाकतो, बाकीचे झील धरतात, म्हणजे तीच ओळ मागून म्हणतात. कच्चा आवाज झिलीत मिसळून जातो आणि हळूहळू पक्का होतो. एकट्याने अभंग म्हणायचा तो तयारीच्या माणसाने, आणि गर्दीच्या वेळेला. शिकणाऱ्यांना दुपारचा प्रहर द्या. दुपारी देवळात माणूस थोडा, आणि देवीला काही घाई नाही.

सगळ्यात महत्त्वाची तालीम. सप्ताहाची रात्र एक, पण त्याआधीचे दोन महिने आठवड्यातून दोनदा रात्री जेवणानंतर देवळात बसायचं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते, आणि ती दर वेळी ताजी. आम्ही ती एकेका घरातून आणायची रीत ठेवली आहे. आज कणीक कुणाकडची? ज्या घराची पाळी, तिथलं पोर वाटीत कणीक घेऊन येतं आणि मग घरी परत जात नाही, झांज धरून बसतं. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा मुलगा गल्फहून परतला, कुणाच्या जमिनीचा दावा अडकला आहे, हे सगळं मला त्या तालमींत कळलं. शाळेत पालकसभा घेऊन कधी इतकं कळलं नव्हतं.

स्पर्धेबद्दलही लिहितो, कारण कुणीतरी हमखास सुचवणार. कला अकादमी मनोहरबुवा शिरगावकरांच्या स्मृतीसाठी गोवाभरची भजन स्पर्धा घेते, पुरुषांची, महिलांची आणि मुलांची. तिने गोव्यातल्या भजनाचा दर्जा खूप उंचावला हे मी कृतज्ञतेने म्हणतो. खेड्यातली पोरं ताला-सुराची शिस्त तिथे शिकली. पण स्पर्धेचा संघ निवडक असतो, तिथे झिलीला कच्चा आवाज चालत नाही. स्पर्धेचा संघ आणि देवळाचं मंडळ एक करू नका. आमच्याकडे एका वर्षी दोन्ही एक झाले आणि जे निवडले गेले नाहीत ते पुढच्या एकादशीपासून देवळात दिसेनासे झाले. त्यांना परत आणायला घरोघरी जावं लागलं.

---

म्हापसा_मुक्काम

मी या प्रश्नातल्या "नव्या इमारतीतला" माणूस आहे. मूळ निपाणीचा, वेर्णे औद्योगिक वसाहतीत नोकरी, राहायला म्हापशाजवळ. गावी असताना तबला वाजवायचो.

आमच्या इमारतीला लागूनच देऊळ आहे. दर वर्षी दोन माणसं पावतीपुस्तक घेऊन येतात, वर्गणी घेतात, नीट बोलतात आणि जातात. इतक्या वर्षांत "तुम्ही काय करता, काही वाजवता-गाता का" असं कुणी विचारलं नाही. मी स्वतःहून का गेलो नाही, असं म्हणाल. देवळाच्या पायरीवर बसलेली सगळी माणसं एकमेकांना आजोबा-पणजोबांच्या नावाने ओळखतात. तिथे जाऊन "मला तबला येतो" हे कसं सांगायचं? आमच्याकडे असं स्वतःहून सांगणं उद्धटपणाचं मानतात.

दार उघडलं ते चवथीला, म्हणजे गणपतीत. घुमट आरतीच्या पोरांत आमच्या वरच्या मजल्यावरचा एक शाळकरी मुलगा होता. त्याच्यामुळे ती पोरं आमच्या इमारतीत आली. घुमट म्हणजे कातडं लावलेलं मातीचं भांडं, शामेळ काठ्यांनी वाजवायचा, आणि कासाळे म्हणजे झांजा. मी गोव्याची आरती त्याआधी इतक्या जवळून ऐकली नव्हती. तीच ओळखीची पदं, पण चाल ताणून घेतलेली आणि दोन ओळींच्या मध्ये घुमटाची अशी लड की मी दारातच उभा राहिलो. माझी बोटं दाराच्या चौकटीवर वाजत होती ते एका पोराने बघितलं आणि शामेळाच्या काठ्या माझ्या हातात दिल्या. त्या रात्री मी त्यांच्याबरोबर उरलेली सगळी घरं फिरलो. ज्या घरांच्या समोरून रोज गाडी नेतो, त्या घरांत पहिल्यांदा पाऊल टाकलं.

आता मी त्या मुलांना तबल्याचे कायदे, पलटे शिकवतो आणि ती मला घुमट शिकवतात. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. घोरपडीला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात. २०१९मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. हे सगळं मला बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी सांगितलं, फार अभिमानाने.

ताई, त्या स्कूटरवाल्या काकांकडे समितीचा माणूस पाठवू नका. तो आला की वर्गणीचंच वाटतं. तुम्ही जा, नाहीतर एखादं मूल पाठवा.

---

सत्तरीकार

सगळे गाण्या-वाजवण्याबद्दलच बोलत आहेत. ज्याला गळा नाही आणि हातात तालही नाही, त्याने काय करायचं?

आमच्या सत्तरीत चवथीची माटोळी बघा. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली फळं, पानं, फुलं बांधायची. बाजारात मिळतं ते कुणीही आणेल: नारळ, केळीचा घड, सुपारीचं शिपटं, तोरिंग, आंबाडे. पण माट्टी, कांगलां, घागऱ्यो, कवंडळ कुठे आणि कधी मिळतात हे ठाऊक असणारी माणसं वेगळी. ते ज्ञान कष्टकरी घरांत आहे. गायी चारायला, लाकूड-फाटा आणायला जी माणसं रानात फिरली त्यांच्याकडे.

आमच्या गावच्या सार्वजनिक गणपतीची माटोळी आधी एक जण बाजारातून सामान आणून उरकायचा. मग आम्ही वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या आजोबांना सांगितलं, की माटोळी तुमची, आम्ही तुमच्या हाताखाली. त्यांनी चवथीच्या आधी कॉलेजची पोरं रानात नेली. कोणत्या फळाला हात लावायचा, कोणतं विषारी, वेल मुळापासून का ओढायची नाही, केवणीच्या सालीचा दोर कसा वळायचा, सगळं दाखवलं. पोरांनी प्रत्येक फळाचा फोटो काढला आणि खाली गावातलं नाव लिहिलं. माटोळी बांधून झाली तेव्हा आजोबा मंडपात बसून येणाऱ्या प्रत्येकाला एकेक फळ ओळखायला लावत होते. शहरातून आलेल्या डॉक्टरांना दोन नावं सांगता आली, म्हणून आजोबा खूश.

कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं, तिथे शेकडो वस्तू बांधणारे लोक आहेत. आम्ही अजून गेलो नाही. पण आजोबांना आता गावात "माटोळीवाले" म्हणून मान आहे, आणि गावच्या बैठकीत ते पुढे बसतात. पूर्वी ते बाहेर ओसरीवर उभे असायचे. मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

तुमच्या रांगोळीवाल्या वहिनींना नुसतं "रांगोळी काढा" म्हणू नका. पूर्ण चौक त्यांच्या हवाली करा आणि चार मुली हाताखाली द्या.

---

पेटीवाली_फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, कागद आखला. काल बसचालक भावांच्या घरी गेले होते. त्यांनी आधी स्वतःची कामाची पाळी बघितली आणि मग श्रावणातली ती सुट्टी आत्ताच मागून घेतो म्हणाले.

दोन अडचणी आहेत. एक, समितीतल्या काहींचं म्हणणं की बायकांनी दुपारी गावं, रात्री नको. दुसरी, इमारतीतल्या लोकांबद्दल कुणीतरी विचारलं, "ते महाजन नाहीत, कुळावी नाहीत, त्यांना पाळी कशी द्यायची?" (महाजन म्हणजे देवस्थानच्या कारभाराचा हक्क असलेली घराणी, कुळावी म्हणजे ज्यांचं ते कुलदैवत.) या दुसऱ्या प्रश्नावर मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही, कारण मी स्वतः बाहेरूनच आलेली.

---

मडगावची_काकू

पहिल्या अडचणीचं मी सांगते. आमच्या महिला भजनी मंडळालाही हेच ऐकावं लागलं होतं. आम्ही वाद घातला नाही, पहाटे तीन ते सहाचा प्रहर मागितला. तो कुणालाच नको असतो. त्या वेळी काकडआरती होते, आणि बायका काकड्याला आल्या तर कोण काय बोलणार? पहिल्या वर्षी आमच्यातल्या काही जणींचे नवरे सोबतीला म्हणून आले आणि झांज धरून बसले. दुसऱ्या वर्षी रात्री नऊचा प्रहर आम्हाला आपणहून देऊ केला. मडगावची दिंडी तुम्ही पाहिली असेल, हरिमंदिरातून निघते आणि रात्रभर रस्त्यांवर गाणं चालतं. तिथे बायका ऐकायला पहाटेपर्यंत थांबतातच, मग गायला काय हरकत?

आणखी एक. आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे. त्यांच्या आजी सांगतात, की चर्चच्या शाळेत गावातल्या मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवायचे, कारण प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे गावातूनच उभे राहायला हवेत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख, मुलगा मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मोठा व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक झाला, आणि प्यारेलालांसारख्यांना त्याने व्हायोलिन शिकवलं. आपल्या देवळांच्या मंडपात आठवड्यातून एकदा मुलांसाठी पेटीचा वर्ग का असू नये, असं मला नेहमी वाटतं. ताई, तुम्ही परीक्षा दिलेल्या आहात. वर्ग सुरू करा. सप्ताह झाला की तो थांबवू नका.

---

डिचोलीचा_मास्तर

महाजनांचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून जपून लिहितो.

महाजनकी हा देवस्थानच्या कारभाराचा हक्क. पोर्तुगीज काळातल्या १९३३च्या नियमावलीवर ती व्यवस्था आजही उभी आहे: यादीत कोणती घराणी, मत कोणाचं, खजिना कोणाकडे. तो विषय आज सप्ताहाच्या कागदावर आणू नका. भजनाला बसण्यासाठी यादीत नाव लागतं असं मी तरी कुठल्या नियमात वाचलेलं नाही. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्याला कुणी महाजन आहेस का विचारत नाही, आणि आपण गातो ते अभंग तर कुंभाराचे, शिंप्याचे, माळ्याचे, चोखोबांचे. हे त्यांना शांतपणे सांगा. ज्यांनी प्रश्न विचारला ते स्वतः हेच अभंग गात मोठे झाले असतील.

पण माझ्या मनात यामागे दुसरीही गोष्ट आहे. गोव्याच्या देवळांत शतकानुशतकं गाणं जिवंत ठेवलं ते कलावंत घराण्यांनी. केरीच्या गायिका केसरबाई केरकर, कुर्डीच्या गायिका मोगूबाई कुर्डीकर, तालवाद्यांचे जाणकार लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर, यांच्या मागे देवळातल्या सेवेची परंपरा उभी आहे. त्यांची कला देवाला हवी होती, उत्सवाला हवी होती, पण कारभारात त्यांना जागा नव्हती आणि समाजात मान नव्हता. विसाव्या शतकात त्या समाजाने स्वतः संघटित होऊन, शिक्षण घेऊन ती व्यवस्था मोडली. म्हणून कुणाची कला देवळात घ्यायची ठरवली, की त्या माणसाला बैठकीतही बोलवा. सत्तरीकारांनी त्या आजोबांबद्दल जे लिहिलं ते मी दोनदा वाचलं.

कुर्डी गाव तर साळावली धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की विस्थापित गावकरी तिथल्या सोमेश्वराच्या देवळात एकत्र येतात आणि उत्सव करतात. घरं नाहीत, शेतं नाहीत, यादी करायला गावच उरलेलं नाही, तरी माणसं येतात.

तुमच्या पहिल्या बैठकीत स्कूटरवाल्या काकांना घेऊन जा. ते बोलले नाहीत तरी चालेल. नुसते बसू द्या.

---

पेटीवाली_फोंडा

बैठक झाली. काका आले होते, बेळगावकडचे वारकरी घराण्यातले निघाले, वडिलांबरोबर लहानपणापासून आळंदीला जात होते. ज्येष्ठांनी त्यांना एक अभंग म्हणायला सांगितला. त्यांनी म्हटला, आणि मग ज्येष्ठांनी स्वतःच्या तरुणपणातली एक चाल म्हणून दाखवली. तेवढ्यात बैठकीचा निम्मा वेळ गेला. महाजनांचा प्रश्न कुणी काढला नाही.

ठरलं ते असं: संध्याकाळचा एक प्रहर पथकाला, मध्यरात्रीचा दुसऱ्या पथकाला, कारण त्या वेळेसाठी आमच्याकडे अजून पुरेशी माणसं नाहीत. बाकी सहा प्रहर गावाचे. पहाटेचा बायकांचा. काकू, तुमचं ऐकलं. एका सदस्यांना अजून ते पसंत नाही, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि त्यांचं मन वळवायला वेळ लागेल. चौक वहिनींच्या ताब्यात. तालीम मंगळवारी आणि शुक्रवारी.

आता तातडीचा प्रश्न. देवळाचा पखवाज पुरुषांच्या पट्टीला, काळी एकला लावलेला आहे. आम्ही बायका काळी चारला गातो. तोच चढवला तर चालेल का?

---

डिचोलीचा_मास्तर

नका चढवू. मोठ्या तोंडाचा पखवाज इतका ओढला तर पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटेल, आणि आवाजही कोरडा येईल. वरच्या पट्टीला लहान तोंडाचा वेगळा पखवाज लागतो. नवा घ्यायचा असेल तर आधी पेटी घेऊन जा, तुमच्याच पेटीच्या काळी चारला लावून घ्या, कारण प्रत्येक पेटी थोडी वर-खाली असते. पावसाळी हवेत पुडी सैल पडते, म्हणून देवळात उघड्यावर ठेवू नका. जाड कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. आमच्या मंडळाचा लहान पखवाज श्रावणात तीन आठवडे रिकामा असतो. यंदापुरता तो नेलात तरी चालेल.

---

म्हापसा_मुक्काम

मास्तर, शनिवारी मला डिचोलीला यायचंच आहे, पोरांसाठी कुंभाराकडून घुमटाची भांडी घ्यायची आहेत. पखवाज मी फोंड्याला पोचवतो. ताई, मध्यरात्रीच्या प्रहराला माणसं कमी आहेत म्हणालात. पखवाज माझा हात नाही, पण झांज धरीन, आणि घुमटवाली दोन मोठी पोरं बरोबर आणीन. त्यांच्या आई-वडिलांना तेवढं तुम्ही फोन करून सांगा.

---

पेटीवाली_फोंडा

फोन आजच करते. त्यांच्या झोपायची सोय आमच्या घरी, आणि शुक्रवारच्या तालमीची कणीकही आमच्याकडचीच. या सगळे.